अख्खी गल्ली हेच हॉटेल

टोकियोत एक हॉटेल आहे. त्याचं काउंटर एका घरात, खोल्या दुसऱ्या घरात, न्हाणीघर भलत्याच गल्लीत, जेवणाची सोय परिसरभर, आणि सायकल हवी असेल तर ती सायकलवाल्याकडे. मी तिथे राहून आले आणि तेव्हापासून भेटेल त्याला थांबवून हेच सांगत सुटले आहे. इतकी साधी, इतकी शहाणी, इतकी कमी भांडवलाची कल्पना जगात आहे आणि आपण मात्र अजून आरसे लावलेल्या लॉबीत पासपोर्ट हातात धरून उभे राहतोय!

हॉटेलचं नाव हानारे. भाग यानाका. माझी ताई टोकियोतच राहते, निशी-कासाईला, जिथे उंच इमारतींच्या मधल्या बागेत संध्याकाळी हमखास मराठी कानावर पडते. तिथून यानाकाला यायला मेट्रोने फार वेळ लागत नाही, पण उतरल्यावर वाटतं की शहरच बदललं. १९२३चा मोठा भूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले या दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला. त्यामुळे लाकडी घरं उरली, वाकड्यातिकड्या गल्ल्या उरल्या, सत्तरेक देवळं उरली. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू इथल्याच दफनभूमीत विसावला आहे. आणि या सगळ्यात माणसं राहतात, दुकानं चालवतात, कुंड्यांना पाणी घालतात. देखाव्यासाठी मांडून ठेवलेलं हे गाव नव्हे.

हानारेचं काउंटर हागिसो नावाच्या जुन्या लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. खाली कॅफे आणि चित्रांची गॅलरी. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव लिहून घेतलं, किल्ली बाजूला ठेवली आणि आधी एक नकाशा उघडला. तुम्हाला काय आवडतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, जुनी दुकानं, आणि खाण्यात मासे चालतील, मटण-चिकन नको. तिने पेन्सिल घेऊन दोन ठिकाणांवर अलगद रेघ मारली, तीन ठिकाणांभोवती गोल काढला, सोबा नूडल्सच्या दुकानाशेजारी बंद असण्याचा वार लिहिला, आणि मग न्हाणीघराचं तिकीट नकाशावर ठेवून म्हणाली की आंघोळ इथे करा. हे सगळं उभ्याउभ्या, सावकाश, जणू मी तिच्याकडे पाहुणी आले आहे आणि अर्ध्या गल्लीशी माझी ओळख करून देणं तिच्याकडेच आहे. त्यानंतर किल्ली! कितीतरी हॉटेलांत उतरले आहे मी, पण ‘तुम्हाला काय आवडतं’ हा प्रश्न किल्लीच्या आधी कुणी विचारला नव्हता.

खोल्यांचं घर तिथून थोडं चालल्यावर. तेही जुनं, लाकडी, वर-खाली मिळून फक्त पाच खोल्या. तातामीच्या चटया, गुंडाळी उलगडून अंथरायची गादी, सरकती दारं. संडास आणि शॉवर सामायिक. भिंती पातळ, शेजारच्या खोलीत कुणी बॅगेची चेन ओढली तरी कळावं. ज्याला हे चालत नाही त्याने इथे उतरू नये, हे मी स्पष्टच सांगते. मला मात्र त्या खोलीत काहीही कमी वाटलं नाही, कारण खोलीत बसायला मी आलेच नव्हते. सगळं हॉटेल बाहेर पसरलेलं होतं!

आणि ते न्हाणीघर! जपानी सेन्तो म्हणजे मोहल्ल्याचं सार्वजनिक स्नानगृह. दारात चपला लाकडी कप्प्यात ठेवायच्या आणि कप्प्याची लाकडी पट्टी उपसून बरोबर न्यायची, तीच किल्ली. आत बायकांची बाजू वेगळी. बुटक्या स्टुलावर बसून, पिवळ्या प्लास्टिकच्या घमेल्याने पाणी घेत आधी अंग स्वच्छ घासायचं आणि मगच हौदात उतरायचं. त्या घमेल्याच्या तळाशी केरोरिन या डोकेदुखीच्या औषधाची लाल जाहिरात असते. देशभरात कितीतरी सेन्तोंत हेच घमेलं आणि हीच जाहिरात. मी मोठ्या हौदाकडे निघाले तोच शेजारच्या आजींनी हाताने थांबवलं, स्वतःचे केस वर धरून दाखवले. केस बांध, पाण्याला लागता कामा नयेत. मी बांधले. मग त्यांनी मोठ्या हौदाकडे बोट दाखवून तोंडाने फू-फू केलं आणि कोपऱ्यातला कमी कढत हौद दाखवला. मला जपानी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नसावं. पण पंचतारांकित स्पामध्ये मला कुणी इतकं आपुलकीनं वागवलेलं नाही, आणि तिथे तर त्याचे पैसे घेतात!

इथेच मला या कल्पनेची खरी मेख कळली. मोठं हॉटेल काय करतं? स्वयंपाकघर बांधतं, भोजनगृह बांधतं, लाँड्री, व्यायामशाळा, भेटवस्तूंचं दुकान, पोहण्याचा तलाव, सगळं आपल्या चार भिंतींच्या आत आणतं, त्याचा खर्च खोलीच्या भाड्यात घालतं आणि पाहुण्याला दाराबाहेर पडायचं कारणच ठेवत नाही. हानारेने यातलं बहुतेक काही बांधलंच नाही. न्हाणीघर गल्लीत होतंच. कॉफीचं दुकान होतंच. कायाबा कॉफी १९३८पासून आहे, मधे बंद पडली आणि २००९ साली पुन्हा उघडली; तिथलं अंड्याचं सँडविच खाल्ल्याशिवाय परतू नका. भाजीवाला, तोफूवाला, तांदळाच्या पापड्या भाजणारा, सगळे होतेच. हॉटेलने फक्त पाच खोल्या घातल्या आणि एक नकाशा. म्हणून ते उभं राहू शकलं. म्हणून त्याला स्वतःचा चेहरा आहे, कारण तो चेहरा कुण्या अंतर्गत सजावटकाराने काढलेला नाही, गल्लीचाच आहे.

आणि गल्लीलाही यातून काही मिळतं, ही गोष्ट मला सर्वांत जास्त भावली. १९६८ साली टोकियोत अडीच हजारांहून जास्त सेन्तो होते. घरोघरी बाथरूम आली आणि आज ते पाचशेच्याही आत आहेत. दर तर प्रशासनाने बांधून दिलेला, २०२४ साली तो ५५० येन केला, म्हणजे मालकाला मनाने वाढवताही येत नाही. अशा न्हाणीघराला रोज संध्याकाळी तिकीट घेऊन येणारी चार नवी माणसं म्हणजे काय, हे दुकान चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

हागिसोची गोष्ट ऐकल्यावर तर मी थक्क झाले. १९५५ सालची ही भाड्याच्या खोल्यांची इमारत, आपल्या चाळीची जणू धाकटी बहीण. मालकी शेजारच्या देवळाची. कला विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ती राहायला आणि कामाला घेतलेली. २०११च्या भूकंपानंतर मालकांनी ती पाडून गाड्यांचा तळ करायचं ठरवलं. मुलांनी हट्ट केला नाही, मोर्चा काढला नाही. एवढंच म्हटलं की पाडायच्या आधी इमारतीचा निरोपसमारंभ करू द्या. २०१२ साली तीन आठवडे त्यांनी इमारतीतच कलाप्रदर्शन भरवलं आणि दीड हजारांच्या आसपास माणसं येऊन गेली. आपल्या मोडक्या इमारतीसाठी इतकी माणसं येतात हे मालकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि विचार बदलला! त्या मुलांपैकी मित्सुयोशी मियाझाकी या वास्तुरचनाकाराने २०१३ साली तिथे कॅफे आणि गॅलरी उघडली, आणि २०१५ साली जवळच्या दुसऱ्या रिकाम्या घरात हानारे.

पण थांबा, याच्याही आधीची एक गोष्ट इथेच, शेजारच्या नेझूच्या बाजूला आहे आणि ती मला हानारेपेक्षाही मोठी वाटते. सावानोया नावाची बारा खोल्यांची घरगुती सराई, १९४९ साली सुरू झालेली. शाळेच्या सहलींवर आणि कामानिमित्त येणाऱ्या माणसांवर चालणारी. शहरात खोलीतच बाथरूम देणारी नवी हॉटेलं आली आणि सावानोया ओस पडायला लागली. १९८२ साली तर सलग तीन दिवस एकही पाहुणा आला नाही. मालक इसाओ सावा यांनी तेव्हा परदेशी पाहुणे घ्यायचं ठरवलं. इंग्रजी जेमतेम, खोल्या छोट्या, बहुतेक खोल्यांना न्हाणी नाही. पाहुण्यांना रात्रीचं साग्रसंगीत जपानी जेवण रुचेना, तेव्हा त्यांनी ते देणंच बंद केलं आणि पाहुण्यांना गल्लीतल्या दुकानांत पाठवायला सुरुवात केली. जेवणाचा खर्च गेला, भाडं आटोक्यात राहिलं, आणि नूडलवाल्यापासून पोस्टातल्या माणसापर्यंत सगळ्यांना परक्या चेहऱ्यांची सवय झाली. सराई नव्हे, सगळी वस्तीच पाहुण्यांना सांभाळू लागली. २००३ साली सरकारने पर्यटनातल्या कामासाठी त्यांचा गौरव केला. आजही तिथे कुटुंबच सगळं बघतं, पाहुण्यांसाठी कधीकधी घरचीच माणसं सिंहनृत्य करतात, आणि भाडं सर्वसामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आहे. हानारेचं भाडं त्यामानाने जास्त वाटेल. खिसा बघून जाणाऱ्याला मी डोळे मिटून सावानोया सांगेन.

एकदा हे पाहिलं की सगळीकडे तेच दिसू लागतं. २०१७ साली अशा वस्तीतल्या छोट्या हॉटेलांनी मिळून जपानात एक संघटना काढली, तिचं नाव जपान माचियादो असोसिएशन. टोकियोतच शीनामाचीला एका बंद पडलेल्या कटलेटच्या दुकानाची सराई झाली आहे. समुद्रकाठच्या मानाझुरू गावात एक जोडपं पुस्तकं प्रकाशित करतं आणि त्याच घरात पाहुणे ठेवतं; पाहुण्याला बरोबर घेऊन गावातून चालवून आणणं हा मुक्कामाचाच भाग. इटलीत तर याची सुरुवात फार आधीची. १९७६च्या भूकंपाने फ्रिउली भागातली गावं मोडली, दुरुस्त केलेली घरं रिकामी राहिली, आणि त्यांच्या खोल्या गावभर विखुरलेलं एक हॉटेल समजून चालवाव्यात ही कल्पना तिथे पुढे आली. जानकार्लो दाल्लारा यांनी ती पुढे नेली, रुजवली.

कायदा आड येतो म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. जपानातही तो आड होता. हॉटेलला किमान दहा खोल्या हव्यात, जपानी पद्धतीच्या सराईला किमान पाच, असा नियम होता. २०१८च्या जूनपासून तो नियम काढून टाकला. आता एका खोलीचंही रीतसर हॉटेल होऊ शकतं. काउंटरची अटही सैल झाली. एवढ्या एका दुरुस्तीने किती जुन्या घरांना जगायचं कारण मिळालं असेल!

एक भीती मला आहे आणि ती मी लपवत नाही. प्रत्येक रिकाम्या घराची सराई झाली तर वस्तीत राहणारं कुणी उरणार नाही, आणि मग न्हाणीघरात केस बांधायला सांगणाऱ्या आजीही नसतील. म्हणून ‘पाच खोल्या’ हा आकडा मला प्राणासारखा वाटतो. पन्नास झाल्या की ही कल्पना मेली.

आता सांगा, आपल्याकडे यातलं काय नाही? गिरगावातल्या खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज तिशीच्याही आत उरली आहेत. पुण्यात सदाशिव-शनिवार पेठेत किती वाड्यांच्या वरच्या खोल्यांना कुलपं आहेत, मुलं अमेरिकेत आणि आईवडील खाली दोघंच. त्या खोलीत पाहुणा उतरवा. सकाळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात पाठवा, दुपारी खाणावळीत, संध्याकाळी तालमीसमोरून देवळाकडे. काय बांधायला लागणार आहे? राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहेच, कोकणात कितीतरी घरं ती चालवतात. ती शहरातल्या जुन्या आळ्यांत का दिसू नये? पणजीच्या फॉन्टेन्हासमध्ये जुन्या घरांतली छोटी हॉटेलं बघून या, म्हणजे आपल्या हवामानात, आपल्या माणसांत हे चालतं याची खात्री पटेल.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या वाड्यात, चाळीत, आजोळच्या घरात खोली रिकामी असेल तर पुनर्विकासाच्या कागदांवर सही करण्याआधी एक रविवार काढा. आपल्या गल्लीतून चालत जा, कोण काय विकतं, कोण काय चांगलं करतं, कुठलं दुकान कुठल्या वारी बंद असतं ते कागदावर उतरवा. हॉटेलचं अर्धं काम तिथेच होतं. आणि असं काही कुणी सुरू केलंत तर मला जरूर कळवा. तुमच्याकडे उतरायला मी येईन.