हसू दे त्याला

भाऊ,

"पोरगं सैन्यभरतीची तयारी करतंय अन् बघतंय काय, तर जाड्या-रड्या! वर्दीची टिंगल नुसती," असं म्हणून तू त्याचा मोबाइल काढून घेतलास. फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही रे.

तो बघत होता तो सिनेमा 'बॉनी स्कॉटलंड', 1935चा. दोघं वेंधळे मित्र स्कॉटिश पलटणीत जाऊन अडकतात आणि थेट हिंदुस्थानात येऊन पोचतात. संचलनात रड्याचा पाय चुकतो, आणि बघता बघता अख्खी पलटण त्याच्याच पायाने चालू लागते. यात वर्दीची टिंगल कुठे आली? हसू येतं ते पाय चुकलेल्या माणसाचं. चॅप्लिनने 'शोल्डर आर्म्स' 1918च्या ऑक्टोबरात आणला, तेव्हा महायुद्ध संपलंही नव्हतं.

आणि परक्यांचं कशाला? वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'तला हवालदार दादा कोंडक्यांनी गाजवला. तेच दादा 1975मध्ये 'पांडू हवालदार' झाले, जोडीला अशोक सराफांचा सखाराम. आपल्या अण्णांना खाकी दिसली की घाम फुटायचा. पण पांडू बघताना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत हसले होते, विसरलास? त्यांच्या मांडीवर तूच होतास. माझं ठाम मत आहे, हवालदार हसवायला लागला तेव्हा कुठे गरीब माणूस चौकीची पायरी चढायला धजावला. वगनाट्यांनी हेच केलं पिढ्यान्‌पिढ्या. मी तर म्हणते, नागरिकशास्त्राच्या तासाला पांडू दाखवावा!

असो. पोरगं पहाटे अंधारात मांजरसुंब्याच्या रस्त्याला पळतं म्हणालास, तेव्हा काळजात धस्स झालं. ट्रकवाले बघतात का कुणाला? डांबरावर गुडघे जातात ते वेगळंच. एवढं करून अग्निवीर झाला तरी चार वर्षं, आणि पुढे कायम होणार शंभरातले फार तर पंचवीस. हे त्याला ठाऊक नाही का? भरतीच्या सोळाशे मीटर धावण्याचा घोर डोक्यात घेऊन झोपणाऱ्या पोराने घटकाभर हसायचंही नाही?

मोबाइल आजच परत दे. पळायला रानातल्या मातीच्या वाटेनं जायला सांग, तेही उजाडल्यावर. आल्यावर दूध आणि गूळ-शेंगदाणे दे. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला कपिलधारला येतेच आहे. तोवर त्याच्यावर ओरडू नकोस.

तुझी,
ताई