भाड्याचं घर : शारजा ते कामोठे

परदेशात भाड्यानं घर घेण्याचा अनुभव कोकणातल्या आपल्या अनेक कुटुंबांना आहे. कुणी कुवेतला राहिलं, कुणी दोह्याला, कुणी जुबैलला. आम्ही दोघं नऊ वर्षं शारजात होतो. राजधानी अबुधाबी, झगमगाटाची दुबई. आणि ज्यांना भाडं परवडत नाही त्यांच्यासाठी शारजा. तिथं आम्ही चार घरं बदलली. त्या चार घरांसाठी मिळून जितके दिवस गेले, त्याहून अधिक दिवस परतल्यावर आपल्याच रायगड जिल्ह्यात, कामोठ्यात, एक घर मिळवायला गेले. बरोबर सात आठवडे. त्या सात आठवड्यांत जे पाहिलं आणि समजून घेतलं, ते वाचक भगिनी-बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

आमचं मूळ घर म्हसळा तालुक्यात. लेकीला कामोठ्याच्या एमजीएमच्या आवारातल्या कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला होस्टेलवर ठेवता आलं असतं. पण अम्मींना दर पंधरा दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि म्हसळ्याहून पनवेलला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. अम्मींच्या गुडघ्यांना तो एस.टी.चा प्रवास आता सोसत नाही. सगळे एकत्र राहू, लेक चालत कॉलेजला जाईल आणि दवाखाना जवळ असेल, असा हिशेब होता. घर मिळेपर्यंत लेक मुंब्र्याला मामूंकडे राहिली. फजरच्या आधी उठायचं, मुंब्रा ते ठाणे, ठाण्याला गाडी बदलून मानसरोवर, तिथून पुढे कॉलेज. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. तिसऱ्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "अम्मी, मी गाडीत उभ्या उभ्या झोपते." त्यानंतर आमच्या घर शोधण्याला घाई आली.

कामोठे हे काही फार जुनं शहर नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. कामोठे त्यातलंच एक गाव. आज एका बाजूला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूला हार्बर मार्गाचं मानसरोवर स्टेशन आणि मधे सेक्टरच सेक्टर. २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. मुंबईत नोकरी आणि बेताचा पगार असलेल्या सातारा, सांगली, कोकण, मराठवाड्याच्या लोकांनी इथल्या इमारती भरल्या. आता नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे प्रत्येक एजंटच्या तोंडी एकच वाक्य : "एअरपोर्ट आलाय साहेब, भाडं वाढणारच."

आमचं आडनाव 'कर'नं संपतं. बोलणं कोकणी वळणाचं मराठी. त्यामुळे फोनवर सगळं सुरळीत चालायचं. वन बीएचके आहे, चौदा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, पाणी सकाळी येतं, या बघायला. मग शेवटी प्रश्न : "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितलं की थोडा वेळ फोनवर शांतता. नंतर कुणाचा फ्लॅट त्याच दिवशी सकाळी गेलेला असायचा, कुणाचा भाऊ गावाहून येणार असायचा. एकानं तर सांगितलं की इमारतीत नॉनव्हेज चालत नाही. आम्ही त्या इमारतीखालीच उभे होतो. वरच्या दोन गॅलऱ्यांत सुकट वाळत होती आणि तळमजल्यावर चिकनचं दुकान होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसू आवरत रिक्षात बसलो. हसलो खरे, पण घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

एक एजंट मात्र सरळ बोलला. म्हणाला, "भाभी, माझ्या हातात असतं तर आजच चावी दिली असती. मालक तयार आहे, पण सोसायटीतले दोघं-तिघं अडवतात. तुम्हाला उगाच फिरवणार नाही." त्याच्या त्या वाक्यानं आमचे निदान दोन रविवार वाचले.

लेकीच्या मैत्रिणींनी सुचवलं की फोन तिच्या एखाद्या हिंदू मैत्रिणीच्या नावानं करावा, घर पाहून पसंत पडल्यावर खरं काय ते सांगावं. अम्मींना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "नाव आधी सांगा. ज्याला नको त्याचाही वेळ वाचेल आणि आपलाही. लपवून मिळालेल्या घरात मला रात्री झोप यायची नाही." त्यानंतर आमच्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य नावाचं असे. त्यापुढच्या वीस फोनपैकी तेरा जणांनी तिथंच नकार दिला. सात जणांनी "या" म्हटलं. ते सातही खरेखुरे "या" होते. हे सांगण्याचं कारण असं की नकार मोजत बसलं की माणूस खचतो, आणि मग त्या सातांपर्यंत पोहोचतच नाही.

याच काळात कायदा काय म्हणतो तेही समजून घेतलं. राज्यघटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला देशात कुठंही राहण्याचा हक्क दिला आहे. कलम १५ धर्म आणि जात यावरून भेदभाव करायला शासनाला मनाई करतं. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव इथंही कुणाला अडवता येत नाही. पण आपला खासगी फ्लॅट कुणाला भाड्यानं द्यावा, याबद्दल त्यात शब्द नाही. २००५ साली अहमदाबादमधल्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सहकारी सोसायटीला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याची मुभा दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही या तक्रारीची नोंद झाली. म्हणजे दुखणं सरकारदरबारी कागदावर आहे, त्यावरचं औषध मात्र कायद्यात अजून पुरेसं नाही.

मग सोपा मार्ग काय? "मुंब्र्याला घ्या, तळोज्याला घ्या, पनवेलच्या मोहल्ल्यात बघा," असं आप्तांनी सांगितलं. त्यात वाईट काही नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली आणि तिथं त्यांना आधार मिळाला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण जिथं आपलं काम, मुलांचं शिक्षण आणि आईचा दवाखाना आहे, तिथं राहता यावं एवढीच आमची अपेक्षा होती. दंगलीच्या भीतीनं घेतलेलं घर आणि सोयीनं घेतलेलं घर यांत फरक असतो.

एकानं 'हेवी डिपॉझिट'वर घर देऊ केलं. सहा लाख रुपये द्या, भाडं काहीच नको, घर सोडताना सहा लाख परत. मुंबईत ही पद्धत सर्रास चालते, आपल्या वस्त्यांत तर जास्तच. पण ही रक्कम म्हणजे एक प्रकारचं कर्ज आणि फुकट राहणं हा त्या कर्जावरचा फायदा, म्हणून अनेक उलेमा याला व्याजासारखंच धरतात. आम्ही नम्रपणे नको म्हटलं. दीनाची बाजू बाजूला ठेवली तरी व्यवहार म्हणूनही त्यात धोका आहे. मालकानं ती रक्कम दुसरीकडे गुंतवली, तर ती वेळेवर परत मिळेलच याची खात्री कोण देणार?

शारजाची आठवण या दिवसांत वारंवार यायची. तिथं 'टू लेट'ची पाटी दिसली की खालच्या नातूरला गाठायचं. तो चावी घेऊन वर न्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : "फॅमिली?" हो म्हटलं की पुढं कागद, वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक, करारावर नगरपालिकेचा शिक्का, विजेचं डिपॉझिट. संपलं. पण म्हणून तिथं सगळं चांगलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. तो "फॅमिली?" हा प्रश्न एकट्या कामगारासाठी बंद दरवाजा होता. एका खोलीत सहा-आठ जण राहणारे आपलेच कोकणातले पोरगे आम्ही पाहिले आहेत. दिव्यांच्या खांबांवर चिकटवलेल्या जाहिरातींत अमुक राज्याचाच, अमुक भाषेचाच माणूस हवा, असं उघड लिहिलेलं असायचं. तिथं आमच्याकडे कुटुंब होतं म्हणून दार उघडलं, एवढंच.

आणि आपल्या गावांचं काय? श्रीवर्धन, म्हसळा, महाड, मुरूडकडे आखाती कमाईवर बांधलेली कितीतरी मोठी घरं वर्षातले दहा महिने कुलपात असतात. गावात बदलून आलेला शिक्षक, ग्रामसेवक किंवा नर्स घर शोधत फिरते. तेव्हा आपल्याकडेही प्रश्न विचारले जातातच : कुठला, कोणत्या जातीचा, काय खातो, एकटी बाई का राहते? अम्मींनी काही वर्षांपूर्वी आमच्या घराचा खालचा भाग परभणीकडच्या एका बौद्ध शिक्षकाच्या कुटुंबाला दिला होता. जमातीतल्या दोघा-तिघांनी नाराजी दाखवली. अम्मींनी उत्तर दिलं, "तो आपल्या पोरांना शिकवतो, त्याच्या पोरांनी पावसात कुठं राहायचं?" तो शिक्षक चार वर्षं राहिला. कामोठ्यात आम्हाला नकार मिळत होते, तेव्हा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मला हे नवीन नाही. आम्हालाही आडनावावरून विचारतात." कामोठ्यातला नकार आपल्या एकट्याच्या वाट्याला येत नाही, हे त्या फोनमुळं अधिक नीट कळलं.

घर शेवटी मिळालं ते कामोठे गावालगत, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर बांधलेल्या तीन मजली इमारतीत. मालक आगरी समाजातले. खाली ते राहतात, वर भाडेकरू. नाव ऐकल्यावर त्यांनी फक्त तीन गोष्टी विचारल्या : माणसं किती, गाडी आहे का आणि भाडं कुठल्या तारखेला देणार. त्यांच्या वहिनींनी अम्मींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जिना चढता येईल का, असं विचारलं. पहिल्या मजल्यावरची खोली दुसऱ्या भाडेकरूसाठी ठेवली होती, ती त्यांनी आम्हाला दिली.

पुढे बोलता बोलता दादा म्हणाले की सिडकोनं जमीन घेतली तेव्हा त्यांच्या वडिलांची भातशेती याच परिसरात होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातूनच पुढे जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं आणि त्यांच्या वाट्याला हा भूखंड आला. "आमच्या वडलांना कोणी नाव विचारून जमीन घेतली नव्हती," ते हसून म्हणाले, "मग मी भाड्याला नाव कशाला विचारू?" दादा थोर आहेत असं ठरवायला आम्ही इथं बसलेलो नाही. भाडं त्यांनी पाचशेनंसुद्धा कमी केलं नाही. पण माणसाला माणूस म्हणून घर दिलं, आणि व्यवहार व्यवहारासारखा केला.

करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा. तो नोंदवावा असा आग्रह आम्हीच धरला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाला आणि करार नोंदलेला नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट भरपाई द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे नोंदणीत दोघांचंही रक्षण आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. आमच्या भाड्याला ते चारशेच्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन गेले, एजंटची फी वेगळी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिली, त्याची पावती जपून ठेवली.

जे आता शोधत आहेत त्यांना आमच्या अनुभवातून एवढंच सांगावंसं वाटतं. नाव पहिल्या वाक्यात सांगा. सोसायटीची अडचण आहे असं मालक म्हणाला, तर सोसायटीचे उपविधी पाहा. भाडेकरू ठेवताना सभासदानं सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मालक स्वतः खाली राहतो अशा, सोसायटी नसलेल्या इमारती आवर्जून बघा. तिथं निर्णय एकाच माणसाचा असतो. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि करारात आकडा लिहून घ्या. घरात शिरताना भिंती, नळ, दारं यांचे फोटो काढून मालकालाही पाठवा.

आणि ज्यांचे कामोठे, उलवे, तळोजा, खारघरला गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट आहेत, त्यांना एक विनंती. येत्या जूनमध्ये तुमच्या दारात एखादी विद्यार्थिनी, एखादी विधवा, एखादं दुसऱ्या धर्माचं वा जातीचं कुटुंब येईल. त्यांना माणसं किती, भाडं कधी, एवढंच विचारा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनात किती मोठा मानला आहे हे आपण मुलांना सांगतो. तो शेजारी कोण असावा याची निवड आपल्याला दिलेली नाही.

लेक आता सकाळी साडेसहाला उठते, पंधरा मिनिटांत चालत कॉलेजला पोहोचते. खालच्या वहिनींनी अम्मींना तांदळाची भाकरी पाठवली, अम्मींनी ईदला शीरखुर्मा पाठवला. अकरा महिने संपतील तेव्हा दादा भाडं वाढवणार आहेत, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. त्या हजार रुपयांची तजवीज आम्ही आत्तापासून करतो आहोत.