आसारी आणि कोग्यो मारू

रीलचा कोर्स करायला चाललोय म्हटल्यावर भाच्याला वाटलं, मामा आता इन्स्टाग्रामवर नाचणार. त्याला समजावलं, अरे, ही रील म्हणजे पतंगाच्या दोऱ्याची असते तशी, पण पाण्यातली आसारी. मलाही तेव्हा ती नुसती आसारीच वाटत होती. येवल्याच्या माणसाला दोरा सोडायला आणि गुंडाळायला काय शिकवायचं?

मनिलाहून तासाभराचं विमान, मग बुसुआंगा बेटावरून व्हॅनने कोरोन गाव. इथल्या समुद्राच्या तळाशी जपानी जहाजं पडून आहेत. मनिला बंदरावर हल्ले सुरू झाले तेव्हा ती या बेटांच्या आडोशाला आली होती. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी नौदलाच्या विमानांनी त्यांना गाठलं. त्यातलं कोग्यो मारू हे बांधकामाचं सामान नेणारं जहाज उजव्या कुशीवर आडवं झालंय आणि त्याच्या पोटात एक बुलडोझर आहे. तो बघून येतो, असं घरी सांगून निघालो होतो.

बुडालेल्या जहाजात शिरताना रीलची दोरी मागे सोडत जायची, म्हणजे परतीची वाट सापडते; कोर्स त्याचाच होता. पहिला दिवस कोरडाच गेला. अंगणातल्या माडांना दोरी बांधत फिरायचं, मग डोळे मिटून तिच्या आधाराने परत यायचं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं, दोरी त्यातून सरकू द्यायची; धरायची, पण ओढायची नाही. स्वयंपाकघरातल्या बायका हसून बेजार. तिसऱ्या माडाला माझं कपाळ लागलं तेव्हा मीही हसलो.

प्रशिक्षक मात्र हसला नाही. पतंगाच्या सवयीने मी ढील देत होतो. संक्रांतीला ढील देणारा जिंकतो. इथे सैल दोरी फिन्समध्ये, टाकीच्या नळीत, कुठेही गुरफटते. गवंड्याच्या लाइनदोरीसारखी ती ताणलेलीच हवी. पहिली गाठ जहाजाच्या बाहेर, जिथून सरळ वर जाता येईल अशा ठिकाणी. दुसरी दारातून आत शिरल्याबरोबर. मग प्रत्येक वळणावर एक, आणि गंजलेली धार टाळून, कारण ती धार मांजासारखी काटते.

हे नियम मुळात गुहांमधून आले. अमेरिकी गुहा-डायव्हर शेक एक्सलीने १९७९च्या पुस्तकात गुहेत मेलेल्यांचे अपघात तपासले. पुन्हापुन्हा तीच कारणं निघाली: बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीची हवा राखली नव्हती, फार खोल गेले होते.

तिसऱ्या दिवशी बांका, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली तिथली होडी, आम्हाला कोग्यो मारूवर घेऊन गेली. आडव्या जहाजात शिरल्यावर डोकं काम करेना. जमीन भिंत झालेली, दार पायाखाली. टॉर्चच्या उजेडात सिमेंटची पोती दिसली. पोत्याचं कापड कधीच गेलंय, पण थरावर थर, दाबून बसलेले कोपरे, सगळं जसंच्या तसं दगड झालंय. माझ्या श्वासाचे बुडबुडे वर छताला लागत होते आणि गंजाचे पोपडे खाली भुरभुरत होते.

गेजवर नजर ठेवायची होती. तीस मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा चौपट वेगाने संपते. एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला, उरलेली अडचणीसाठी. २०० बारने निघालो होतो; १३५ दिसल्यावर प्रशिक्षकाने अंगठा दाखवला, म्हणजे परत. मी वळलो आणि माझा फिन गाळाला लागला.

दूध ओतावं तसं पाणी पांढरं झालं. टॉर्च कपाळावर आणला तरी धुकंच. हाताला दोरी होती. कडं करून सरकत गेलो आणि बोटं एका फटीत शिरली. दोन पत्र्यांमधली, मनगटाएवढी फट. दोरी पुढे जात होती, मी जाऊ शकत नव्हतो. आत येताना त्या वळणावर मी गाठ मारली नव्हती. कशाला, सरळच तर आहे, असं वाटलं होतं. ताणलेल्या दोरीने जवळची वाट धरली होती.

मागून दंडावर हात आला. प्रशिक्षकाने दोरी सोडू न देता मला बाजूला ढकललं, एक हात, दोन हात. दोरी फटीतून सुटली आणि समोर मोकळं पाणी लागलं. थोड्याच वेळात हिरवा उजेड दिसला.

होडीवर तो एवढंच म्हणाला, ‘‘एक गाठ कमी होती.’’ मी रील गोड्या पाण्यात धुतली.

येवल्याला परतल्यावर भाच्याने पहिला प्रश्न बुलडोझरचा विचारला. १३५वर वळलो, तेव्हा तो अजून पुढे होता.