भिंत दोघांची

'शनिवारी पार्टी वॉल बघायला येतेस?' मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा मी त्यातला 'पार्टी' एवढाच शब्द वाचला. ऑफिसने लंडनला पाठवलंय, वीकेण्ड आहे, आणखी काय हवं? नवे बूट घालून मी व्हिक्टोरिया लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर, वॉल्थमस्टोला उतरले. मैत्रीण उभी होती टॉर्च, मेजरिंग टेप आणि क्लिपबोर्ड घेऊन! ती मूळची ठाण्याची, इथे सर्व्हेअर आहे. आणि पार्टी वॉल म्हणजे दोन घरांमधली सामाईक भिंत. झाला ना पचका?

पण तो शनिवार मस्त गेला. बिग बेन आणि लंडन आय सगळेच बघतात. वॉल्थमस्टोचा लांबच लांब रस्त्यावरचा बाजार ओलांडून मागच्या गल्ल्यांत शिरलात, की खरं राहतं लंडन दिसतं. व्हिक्टोरियन काळातली विटांची घरं, एकाला एक चिकटून. त्यांना म्हणतात टेरेस हाउस, पण गच्चीचा पत्ता नाही! रांगेतल्या मधल्या घराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या. जागा महाग, त्यामुळे जो तो छपराखालच्या माळ्यावर खोली काढतो. तिथे लोखंडी तुळया लागतात आणि त्यांची टोकं बसतात याच सामाईक भिंतीत. मैत्रिणीचं काम तिथे सुरू होतं.

इंग्लंड आणि वेल्ससाठी १९९६चा खास पार्टी वॉल कायदा आहे. अशी तुळई घालायची, तर २ महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस. शेजारच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं, तर १ महिना आधी. गंमत पुढे आहे. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. इथे १४ दिवसांत लेखी 'हो' आलं नाही, तर वाद आहे असंच धरतात! मग दोघांचा मिळून एक सर्व्हेअर, नाहीतर प्रत्येकाचा एकेक. काम कसं, किती वाजता, नुकसान झालं तर काय, हे ते लेखी ठरवून देतात. पैसे बहुतेक वेळा काम काढणारा भरतो, पण सर्व्हेअर त्याचा वकील नसतो. त्याने निष्पक्षच राहायचं.

हे सगळं फार जुनं आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा नियम होता : दोन्ही शेजाऱ्यांनी दीड-दीड फूट जागा द्यायची आणि ३ फूट जाडीची दगडी भिंत मिळून बांधायची. एकाची ऐपत नसेल, तर त्याने ३ फूट जागा द्यावी आणि दुसऱ्याने स्वखर्चाने भिंत बांधावी. मालकी तरीही निम्मी-निम्मी! १६६६च्या मोठ्या आगीनंतर या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असं ठरलं. ट्रेनमधून बघा, जुन्या घरांच्या छपरांमधून या भिंती वर डोकावतात. एका घराची आग दुसऱ्या छपरावर उडी मारू नये, म्हणून.

आम्ही गेलो ते काम काढणाऱ्याच्या शेजारी. दार उघडलं एका आजींनी. काम सुरू होण्याआधी त्यांची भिंत आज कशी आहे, याची नोंद करायची होती. मैत्रीण टॉर्च तिरपा धरून प्रत्येक कोपरा बघत होती. भेगेवर पारदर्शक पट्टी ठेवून रुंदी मोजायची, फोटो काढायचा, लिहायचं. आजी चहाचे कप घेऊन आल्या आणि जिन्याजवळच्या तड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ''हा माझाच हं, जुना आहे. त्या पोरांच्या नावावर घालू नकोस.''

मला एकदम सदाशिव पेठ आठवली. मी शाळेत असताना शेजारचा वाडा पाडला, तेव्हा आमच्या माजघराच्या भिंतीला तडा गेला. बाबा म्हणाले, नवा आहे. बिल्डर म्हणाला, जुनाच. आधीचा फोटो कुणाकडेच नव्हता. ज्या काकूंकडून दिवाळीला आमच्याकडे चिरोटे यायचे, त्यांच्याशी बोलणं बंद झालं ते आजतागायत. बिल्डर केव्हाच निघून गेला. काका-काकू मात्र तिथल्याच नव्या बिल्डिंगमध्ये, आमच्या भिंतीला लागून.

आणि आता आमचा वाडा पाडायचं ठरतंय. यावेळी खणणारे आम्ही.

परत येताना ट्रेनमधूनच बाबांना फोन लावला. म्हटलं, ''शेजारी जा. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या भिंतींचे फोटो काढा, तारखेसकट. एक कॉपी त्यांना द्या.''

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, ''इतक्या वर्षांनी बेल वाजवून काय सांगू?''

''सांगा, भिंत बघायला आलोय.''