मी उपटलेली डिस्क

लॅमिंग्टन रोडवरून दोन-दोन टेराबाइटच्या तीन डिस्क आणल्या, तिन्ही एकाच दुकानातून आणि एकाच घाण्यातल्या. वय सारखं, राबणं सारखं. आजारी मात्र त्यांनी वेगवेगळ्या वेळी पडावं, अशी माझी अपेक्षा.

तिघींचा मिळून रेड-५ ॲरे केला. त्याचा हिशोब सुरेख असतो. माहितीचे तुकडे डिस्कांवर विखुरलेले आणि त्यांची पॅरिटी आळीपाळीने प्रत्येकीवर. कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा मजकूर गणिताने परत काढता येतो. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ च्या निबंधात 'रेड' मांडलं, तेव्हा स्वस्त डिस्कांकडून महागड्या डिस्कच्या तोडीचं काम करून घेणं हा विषय होता. रेड म्हणजे बॅकअप, हा दावा त्यांचा नव्हे, माझा. त्या भरवशावर काकांच्या कर्नाळ्यातल्या फोटोंची सगळी स्कॅन ॲरेवर टाकली आणि जुनी पोर्टेबल डिस्क भाच्याला देऊन टाकली. पुसून.

पनवेलच्या पावसाळ्यात वीज जाते, हे मला जन्मापासून माहीत. तरी यूपीएस 'पुढच्या महिन्यात'. वीज आली की ॲरे तासन्‌तास स्वतःची जुळणी तपासत बसायचा आणि मला त्यात त्याचा सुज्ञपणा दिसायचा. अशाच एका खेपेला एक डिस्क बाहेर पडली. काहीच बिघडलं नाही, आणि तिथेच मी फसलो. दोन डिस्कांवर ॲरे निमूट चालत राहतो. ॲरे सांभाळणारं एमडीएडीएम मेल पाठवतं, पण पत्ता दिला असेल तर. ती ओळ मी रिकामी सोडली होती. स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत तीन 'यू' ऐवजी दोन 'यू' आणि एक आडवी रेघ कित्येक महिने दिसत असणार. बघायला कोण गेलं होतं?

शेवटी कळलं तेव्हा नवी डिस्क आणून मशीन बंद केलं आणि बाद दाखवलेली 'एसडीबी' उपटली. ही नावं मशीन सुरू होताना वाटली जातात, ती दर वेळी तीच राहतील असं नाही. सिरियल नंबर बघायला हवा होता. मी चांगली डिस्क काढली आणि आजारी ठेवली.

ॲरे उभा राहीना. काढलेली परत जोडली असती तर राहिला असता. रात्रीचे दोन वाजले होते, माझं डोकं तापलेलं. जुना ॲरे जोडणाऱ्या असेंबलच्या जागी नवा बनवणारं क्रिएट चालवलं. उरलेली ताजी डिस्क आणि महिन्यांपूर्वीची शिळी डिस्क यांचा नवा ॲरे झाला. फाइलसिस्टिम अर्थातच विस्कटलेली. म्हणून ती दुरुस्त करणारं एफएससीके चालवलं, तेही प्रत्येक प्रश्नाला 'हो' असं आधीच सांगून. त्याने इमाने इतबारे दुरुस्ती केली, म्हणजे जे शाबूत होतं त्यावरही लिहिलं. चांगली डिस्क सकाळी परत लावली, पण तोवर तिची जोडीदारीण बिघडली होती.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "निगेटिव्ह आहेत ना?" आहेत, बऱ्याच पट्ट्यांना बुरशी लागली आहे.

आता दोनच डिस्कांचा मिरर आहे, दोघींवर सिरियल नंबर मार्करने मोठा लिहिलेला. यूपीएस आला. नव्या स्कॅनची एक प्रत पोर्टेबल डिस्कवर काकांकडे असते. ती त्यांच्या कपाटात, आणि किल्ली ते मला देत नाहीत.