ट्रंकेतला फोटो

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, फौजेतून निवृत्त होऊन धूलकोटला आले ते एक काळी पत्र्याची ट्रंक घेऊन. तिच्यात गरम कोट, डिस्चार्जचे कागद, आईची जुनी पत्रे आणि वर्तमानपत्रातून कापलेला एका लष्करी अधिकाऱ्याचा फोटो होता. लहानपणी मला वाटायचे, हे दादांचे साहेब असणार. एकदा विचारले तर म्हणाले, "नाही रे, मी त्यांना कधी पाहिलंही नाही. हे थोरात साहेब. यांचं कोणी ऐकलं नाही."

एवढेच. पुढे काही सांगायचे नाहीत.

आमचे धूलकोट बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. मराठी पुस्तक हाती पडायचे ते जळगाव-भुसावळचे पाहुणे आणतील तेव्हाच. त्यामुळे हे थोरात साहेब कोण, हे मला कळायला पुष्कळ वर्षे गेली. नोकरीनिमित्त इंदूरला असताना वाचनालयातल्या पुस्तकांतून एकेक गोष्ट उलगडत गेली.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात म्हणजेच एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६ चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचे घराणे. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाला. १९५३ मध्ये कोरियात, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या वीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली, तिचे प्रमुखही थोरातच. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवले, तेव्हा ते स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले आणि आपला माणूस सोडवून आणला.

पण दादांच्या मनात होते ते याच्या पुढचे. १९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते, मुख्यालय लखनौला. आजचा अरुणाचल प्रदेश, तेव्हाचा नेफा, त्यांच्या देखरेखीखाली आला. १९५९ मध्ये त्यांनी टिपण लिहिले. चीन हल्ला करू शकतो, आपल्याकडे रस्ते नाहीत, माणसे कमी, रसद पोचणार नाही. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किला' नावाचा युद्धसराव मांडून हेच नकाशावर दाखवले. त्यांचे म्हणणे साधे होते : सरहद्दीवर नुसत्या चौक्या ठेवा, खरा बचाव मात्र मागे करा, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची पोचता पोचत नाही अशा जागी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही उगाचची भीती वाटली. कागद बाजूला पडला. मे १९६१ मध्ये सेनाप्रमुख थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांना नेमावे असे त्यांचे मत होते. नेमणूक थापर यांची झाली. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला. दादा तेव्हा तेजपूरला, फौजेच्या गाड्यांवर ड्रायव्हर. नोव्हेंबरमध्ये अख्खे शहर रिकामे होताना त्यांनी पाहिले होते. त्यावर ते बोलत नसत. आईने एकदा सांगितले, पहिल्या सुटीवर आले तेव्हा आठ दिवस रात्री दिवा मालवू देत नसत.

आणि याच वेळी, सगळे हातचे गेल्यावर, दिल्लीने थोरातांना बोलावले. त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, ते टिपण आपल्याला का दाखवले नाही, असे पंडितजींनी विचारले. युद्धाच्या धामधुमीत नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्यांबरोबर थोरातांनाही घेण्यात आले. निवृत्त सेनानी आता सरकारचा सल्लागार झाला. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९९२ मध्ये ते गेले.

आज आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद आहे. ते निर्माण झाले १९९८ मध्ये, म्हणजे त्या टिपणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. आजवर त्यावर परराष्ट्र सेवेतले किंवा पोलीस सेवेतले अधिकारी बसले. अमेरिकेत मात्र ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, जेम्स जोन्स असे निवृत्त जनरल या जागी आले. स्कोक्रॉफ्ट तर दोन राष्ट्राध्यक्षांच्या वेळी. पद असले म्हणजे ऐकले जातेच असे नाही, हे खरे. पण निदान सल्ल्याचा कागद कोणाच्या टेबलावर जायचा, हे तरी ठरलेले असते.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण खरे तर तीच सांगायला बसलो आहे.

१९९४ मध्ये मी गावी धान्यासाठी गोदाम बांधायला काढले. जागा नाल्याच्या काठाला, रस्त्याला लागून, माल उतरवायला सोयीची. दादा दोन संध्याकाळ तिथे नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "पन्नास पावलं मागे घे. नाल्याला त्याची जागा ठाऊक असते." मी हसलो. मिस्त्री म्हणाला, वीस वर्षांत पाणी इथवर आले नाही. मी मिस्त्रीचे ऐकले, कारण त्याचे म्हणणे मला सोयीचे होते. वर दादांना ऐकू जाईल असे म्हणालोही, "फौजेतल्या माणसाला सगळीकडे हल्लाच दिसतो."

दुसऱ्या वर्षी श्रावणात एका रात्री डोंगरावर पाऊस झाला आणि पहाटेच्या आत नाला गोदामात शिरला. वर्षाचा गहू भिजला, खताची पोती विरघळली, आडोशाला बांधलेली म्हशीची दोन पारडी वाहून गेली. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. दादा आले. आता बोलतील म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, "वरच्या थरातली पोती आधी काढ, खालची गेली. सुकेल तेवढं सुकवू." आणि धोतर खोचून, फावडे घेऊन चिखलात उतरले. तेव्हा साठीला आले होते.

त्या दिवशी नाही आणि त्यानंतर चौदा वर्षे ते जगले तेव्हाही नाही, "मी सांगितलं होतं" हे तीन शब्दांएवढे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही. नवे गोदाम पन्नास पावले मागे झाले. पावले त्यांनीच मोजली.

दादांनी तो फोटो का जपला, हे मी बरीच वर्षे चुकीचे समजत होतो. मला वाटायचे, न ऐकल्याचा राग म्हणून. आता वाटते, बोलावल्यावर थोरात गेले, म्हणून. ज्यांनी कागद बाजूला सारला त्यांच्याच दारात, काही न वाचवता आलेल्या वेळी.

दादांची माफी मागायची माझी राहूनच गेली. गेल्या दिवाळीत माझा मुलगा गावच्या शेताबद्दल मला काही सांगत होता. ठिबकची लाईन, विहिरीचे पाणी, असे काहीतरी. मी अर्ध्यातच "बघू" म्हणून उठलो. ओसरीवर गेलो, तर समोर दादांची ट्रंक. परत आत आलो आणि म्हणालो, "बोल, पुन्हा पहिल्यापासून सांग."