सोपा सूर, अवघड सूर

साधन बदलले की साध्यही थोडे बदलते, हे विधान आम्ही साहित्याच्या वर्गात अनेकदा करतो. त्याचा ठळक प्रत्यय आम्हांला आला तो मात्र फ्रेंच हॉर्न या पाश्चात्त्य वाद्याच्या इतिहासात. आमच्यापैकी कोणालाही हे वाद्य वाजवता येत नाही. आम्ही ध्वनिमुद्रणांचे केवळ श्रोते. तथापि एकच रचना दोन निराळ्या बनावटींच्या हॉर्नवर ऐकताना जो फरक जाणवला, त्याने आम्हांला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

मूळचा हॉर्न म्हणजे वेटोळे घातलेली पितळी नळी. तिला ना छिद्रे, ना कळा. ओठांचा ताण कमीअधिक करून तिच्यातून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर वादकाच्या हाती. अठराव्या शतकाच्या मध्यास एक तंत्र रूढ झाले. ड्रेस्डेनच्या आन्टोन हाम्पेलचे नाव त्याच्याशी जोडले जाते. वाद्याच्या रुंद तोंडात हात कमीअधिक सारून वादक मधले स्वर काढू लागले. हे स्वर दबके, झाकोळलेले निघत. मोकळ्या आणि झाकलेल्या सुरांची ही ऊनसावली म्हणजे वाद्याची उणीव खरीच. परंतु संगीतकारांनी तिचाच भावार्थासाठी उपयोग करून घेतला.

१८१८ मध्ये ष्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी बर्लिनमध्ये व्हॉल्वचे पेटंट घेतले. बोटाच्या दाबासरशी नळीची लांबी बदलू लागली आणि बाराही स्वर सारख्याच मोकळेपणाने निघू लागले. एवढी सोय झाल्यावर जुने वाद्य तत्काळ अडगळीत जायला हवे होते. तसे झाले नाही. पॅरिसच्या संगीतविद्यालयात मेफ्रेदने १८३३ पासून चालवलेला व्हॉल्व-हॉर्नचा वर्ग १८६४ मध्ये बंद पडला, आणि शतक संपत येईपर्यंत तेथे जुनीच हातवादनाची पद्धत शिकवली गेली. १८६५ मध्ये ब्राम्सने हॉर्न, व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी त्रयी रचली, तीही व्हॉल्व नसलेला हॉर्न मनात धरून. त्याच वर्षी त्याची आई वारली होती. त्रयीचा संथ, खिन्न तिसरा भाग जुन्या हॉर्नवर ऐकावा. झाकलेला प्रत्येक सूर घशाशी अडलेल्या शब्दासारखा येतो. आधुनिक हॉर्नवर तेच स्वर स्वच्छ, गोल निघतात. अडत मात्र काहीच नाही.

पुढचा बदल धास्तीपोटी झाला. एफ पट्टीच्या हॉर्नची नळी सुमारे बारा फूट लांब. तिच्या वरच्या भागातले नैसर्गिक स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ किंचित चुकला तरी भरसभेत सूर फुटतो. बी फ्लॅटची नळी सुमारे नऊ फुटांची. तिच्यात हे अंतर वाढते, धोका घटतो. १८९७ मध्ये एरफुर्टच्या क्रुस्पे या कारखान्याने दोन्ही नळ्या एकाच वाद्यात आणल्या, आणि हा दुहेरी हॉर्न पुढे बहुतेक वाद्यवृंदांत स्थिरावला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक मात्र आजही एफ पट्टीचा एकेरी व्हिएन्ना हॉर्नच प्रामुख्याने वाजवतात. त्याचा विशिष्ट घुमारा त्यांना धोक्यापेक्षा मोलाचा वाटतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास कॉन ८डी या रुंद, गडद सुराच्या हॉर्नचा दबदबा होता. अलीकडच्या दशकांत तेथील अनेक वादक शिकागोच्या कार्ल गायरच्या धर्तीवरील, अधिक चपळ हॉर्नकडे वळले. म्हणजे हा प्रवास सरळ रेषेतला नव्हे. प्रत्येक पिढी आपल्या कानाला हवा तो सूर निवडते आणि त्याची किंमत मोजते.

या देवघेवीचे सर्वांत बोलके उदाहरण डेनिस ब्रेनचे. त्याचे वडील ऑब्री ब्रेन हे अरुंद नळीच्या फ्रेंच हॉर्नचे कट्टर पुरस्कर्ते. डेनिसही राऊ घराण्याच्या अशाच हॉर्नवर वाढला. १९५१ मध्ये त्याने तो सोडून जर्मन बनावटीचा, बी फ्लॅट पट्टीचा अलेक्झांडर हॉर्न घेतला. कारायानसोबत १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या मोत्सार्टच्या कॉन्चेर्तोंमध्ये हाच हॉर्न वाजतो. १ सप्टेंबर १९५७ रोजी मोटार अपघातात तो गेला, तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. जुनी आणि नवी ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली, तर सुराचा पोत पालटलेला कळतो. वाक्य उच्चारण्याची, श्वास टाकण्याची त्याची रीत मात्र तीच राहते. वाद्य बदलल्याने काय हरवते हे जसे ऐकू येते, तसेच काय हरवत नाही हेही.

हा प्रश्न आम्हांला परका वाटत नाही, कारण जुने मराठी ग्रंथ विद्यार्थ्यांपुढे ठेवताना आम्हीही रोज अशीच निवड करतो. संहिता आजच्या लेखनपद्धतीने, सोप्या अर्थासह दिली की वाचन फुटत नाही, ठेचकाळत नाही. ते आवश्यकही आहे. अन्यथा अनेक जण ग्रंथाच्या उंबऱ्यावरूनच परततील. तथापि ज्या शब्दाशी थबकावे, ज्याचा उच्चार जिभेवर घोळवून पाहावा, तो शब्दही या सोयीत सपाट होतो. सोय नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे.

उपाय कदाचित ब्रिटनने दाखवला आहे. १९४३ च्या ‘सेरेनेड’मध्ये, ब्रेनसारखा कोणताही स्वर लीलया काढणारा वादक समोर असताना, आरंभीचे आणि अखेरचे हॉर्नवादन त्याने व्हॉल्वविना, केवळ नैसर्गिक स्वरांत योजले. त्यांतले काही स्वर आजच्या कानाला कणसुरे लागतात. मधल्या सर्व गीतांत वादकाला व्हॉल्वची मुभा आहे. अवघड सुराला निदान एवढी हक्काची जागा प्रत्येक अभ्यासक्रमात असावी, असे आम्हांला वाटते.